विड्यातून सुपारी काढली तर उरतं काय?

ओसरी
माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलंय. जेवणानंतरचे विडे बाहेरून न आणता घरीच लावायचे, असं आम्ही जावा-नणंदांनी हौसेने ठरवलं. तिथपर्यंत सगळं गोड होतं. पण नवरी दातांची डॉक्टर. तिने साखरपुड्यालाच सांगून टाकलं, "माझ्या लग्नात कुणाच्या तोंडात सुपारी जाणार नाही." सासूबाईंना ते लागलं. आजेसासूबाईंनी तर निकालच दिला: "सुपारी नको तर पान तरी कशाला? वाटा बडीशेप."

मला दोघींचंही पटतं, ही माझी अडचण. तंबाखू आमच्याकडे कधीच नव्हती. पण विडा म्हणजे पान, चुना, कात, सुपारी हेच डोक्यात पक्कं बसलंय. देवापुढे मांडतो तोही पान-सुपारीचाच. मग सुपारी काढली तर जे उरतं त्याला विडा म्हणायचं का?

दुसरं कुतूहल असं की पान काही आपल्यापुरतं नाही. श्रीलंकेपासून व्हिएतनाम-तैवानपर्यंत खातात. तिकडे राहिलेले, फिरलेले इथे बरेच आहेत. तिथे लोक काय करतात? "पान खाणे वाईट" एवढंच लिहायचं असेल त्यांनी कृपया शेवटी यावं.

खलबत्ता
आजेसासूबाईंना साष्टांग नमस्कार. "वाटा बडीशेप" ला +१.

नुसताच_वाचक
चटई टाकून बसलोय. पिकदाणी कुठे ठेवू?

दंतकथा
मी त्याच पेशातली, त्यामुळे नवरीच्या पक्षात. पण नागवेलीच्या पानावर माझा अजिबात राग नाही. आपल्याकडे पानाचा विषय निघाला की सगळे तंबाखूला झोडपतात आणि त्या गडबडीत सुपारी सुटून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेला, पण सुपारी घातलेला विडासुद्धा कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. सुपारीला वेगळं काढूनही त्याच गटात बसवलं. तंबाखूच्या विड्याबद्दल तर १९८५ सालीच सांगून झालं होतं.

सुपारीत अरेकोलिन असतं. खाल्ल्यावर तरतरी येते, अंग तापतं, कपाळावर घाम येतो, ते त्याचंच काम. चुना त्याला आणखी मदत करतो. रोज चघळणाऱ्यांच्या गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ, चिवट होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. माझ्याकडे पंचविशीच्या आतली मुलं येतात, तोंडात दोन बोटं उभी जात नाहीत. "आम्ही तंबाखू नाही खात हो, नुसती गोड सुपारी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लग्नात एक विडा खाऊन कुणाला काही होणार नाही, हेही खरं. पण त्या मुलीने ही तोंडं रोज पाहिलेली आहेत. तिला तिच्या लग्नात तरी ती आठवायला नको असतील.

मळेकरी_मिरज
आमचा पानमळा मिरज तालुक्यात. बेडग, आरग, नरवाड हा सगळा पानाचा पट्टा. दंतकथा ताईंनी पानाला सोडून दिलं, बरं वाटलं.

लोकांना वाटतं वेल लावली की पानं येतात. शेवरी, शेवगा, पांगारा असले आधार आधी उभे करावे लागतात. वेलीला सावली पाहिजे, ऊनही पाहिजे. पाणी सारखं पाहिजे आणि साचलेलं मात्र चालत नाही. साचलं की मर लागते, डोळ्यांदेखत मळा बसतो. वर्षातनं एकदा उतरण. म्हणजे वर गेलेला वेल खाली घ्यायचा, वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधायचा. उतरण चुकली तर पान बारीक होत जातं. खुडायला अंगठ्यात पत्र्याची नखी. सकाळी खुडलेलं पान मोजून, लावून, ओल्या पाल्यात बांधून रात्री गाडीत. एक दिवस उशीर झाला की भाव अर्धा.

मुद्द्याचं बोलतो. आमच्या मळ्यात सुपारीचं एक झाड नाही. सुपारीचं आणि पुडीचं नाव खराब झालं, गिऱ्हाईक मात्र आमचं तुटलं. गुटख्याच्या पुडीत पान असतं का? नसतंच. पुडी आली तशी पानाची सवय मोडली. २०१२ ला राज्यात गुटखा बंद झाला तेव्हा वाटलं आता पानाला बरे दिवस येतील. पुडी काय मिळायची थांबली नाही. तेव्हा बिनसुपारीचा विडा लोकांनी धरला तर आमची तक्रार नाही, उलट दोन पानं जास्त जातील.

झुळूक
@मळेकरी_मिरज, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही आणि बायकांनी "त्या" दिवसांत तर शिरायचंच नाही, हे अजून पाळतात का?

मळेकरी_मिरज
चप्पल बाहेरच. तो मळ्याचा मान, आणि बाहेरची माती पायाला लागून रोग आत जातो ते वेगळंच. दुसरं जे म्हणता ते आजी पाळायची. आमची आई आणि वहिनी बारा महिने मळ्यात असतात. वेल वाळला नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं अंजनगाव सुर्जी, अकोट हा पानाचा मुलूख. बारी समाज पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. नागवेल नागलोकातून आली म्हणतात, म्हणून नागपंचमी त्यांचा मोठा सण, वेलीची पूजा होते. पण आता कितीतरी जागी पानमळे मोडून पानपिंपळी लावली. तीबी त्याच कुळातली, औषधाला जाते.

राहिली गोष्ट सुपारीची. नागपूरकडं येऊन पाहा. पानठेला म्हणायचं आणि पान मागितलं तर तो वर पाहतो. खर्रा! सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटून घोटून. पान गायब, नाव फक्त पानठेला राहिलं. म्हणजे आमच्याकडं ओसरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर उलट्या बाजूनं निघालं: पान काढलं, सुपारी राहिली.

प्रशांत_महासागर
@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या खर्ऱ्याचे भाऊबंद पापुआ न्यू गिनीत आहेत. तिथे सुपारीला बुआई म्हणतात आणि बरोबर पान सहसा नसतंच. नागवेलीचा लांबट तुरा असतो, तो चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावायचा. तोंड तेवढंच लाल. राजधानी पोर्ट मोर्सबीत रस्ते, भिंती इतक्या रंगल्या की मध्यंतरी शहरात विक्रीवर बंदी घातली होती. लोकांनी चोरून आणायला सुरुवात केली आणि भाव कडाडले. (आशियात येत नाही हे माहीत आहे, पण दारात तर आहे.)

पोफळीबाग
सगळे सुपारीवर तुटून पडलेत, तर कोकणातून एक आवाज. श्रीवर्धनची रोठा सुपारी ऐकली असेल. तिच्यावर आमच्या कितीतरी घरांची मुलं शिकली. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नवीन लावली तर फळ यायला पाच-सहा वर्षं. आमच्याकडे नागवेलही पोफळीवरच चढते. मिरजेसारखे वेगळे मळे नाहीत. एकाच आळ्यात दोघं वाढतात. त्यांना वेगळं करा म्हणणं मला पटत नाही.

डॉक्टरांचं खोटं आहे असं म्हणत नाही. पण ओटीतली, सत्यनारायणातली, कलशाखालची सुपारी कोण खातं? ती तर वर्षानुवर्षं त्याच डब्यात फिरत असते. पूजेतल्या सुपारीचा कर्करोगाशी संबंध नाही. सरसकट "सुपारी नको" म्हणू नका एवढंच.

दंतकथा
@पोफळीबाग, अगदी मान्य. सुपारीचा गणपती बसवा, रोज पूजा करा. फक्त खाऊ नका.

नुसताच_वाचक
आमच्या घरातला सुपारीचा गणपती कोणत्या साली आणला ते भटजींनाही सांगता येत नाही.

शिलाँगचा_पाहुणा
नोकरीमुळे मेघालयात राहिलो. खासी घरात बसलात की चहाच्या आधी क्वाय येतं. ओली, मुरवलेली सुपारी, पानाला चुना, संपलं. कात नाही, गुलकंद तर नाहीच. नवख्याचे कान तापतात, छातीत धडधडतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या गालातल्या गालात हसतात. नाही म्हटलं तर राग नाही धरत, पण हातात घ्यायचं आणि खिशात ठेवायचं ही रीत.

जुनी माणसं अंतर क्वायमध्ये सांगायची: अमक्या गावाला जाईपर्यंत इतके क्वाय होतात. माणूस गेला की म्हणतात, देवाच्या घरी क्वाय खायला गेला. वेल तिथे मळ्यात नाही, जंगलातल्या झाडांवर चढवलेली असते. सीमेपलीकडे बांगलादेशात, सिल्हेटच्या बाजूला, खासी लोकांच्या वस्त्यांना पुंजी म्हणतात. त्यांचा संसार याच जंगलातल्या पानांवर चालतो.

एक गोष्ट त्यांच्याकडून ऐकली. एक श्रीमंत आणि एक गरीब, जिवलग मित्र. श्रीमंत मित्र पाहुणा आला आणि गरिबाघरी शिजवायला दाणा नाही. लाजेने नवरा-बायकोने जीव दिला. ते पाहून मित्रानेही. रात्री त्या घरात शिरलेला चोर, आळ आपल्यावर येणार म्हणून त्यानेही. देवाने चौघांचं सुपारी, पान, चुना आणि तंबाखू करून टाकलं, म्हणजे पुढे कुठल्याही गरिबाला पाहुण्यापुढे काय ठेवू असं व्हायला नको.

बखरवाला
चोराची तंबाखू झाली ना? बरोबर आहे, ती मागाहूनच घरात शिरली. अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. पान-सुपारी त्याच्या हजारो वर्षं आधीची.

हनोईत_मुक्काम
@शिलाँगचा_पाहुणा, अंगावर काटा आला, कारण जवळजवळ हीच गोष्ट व्हिएतनाममध्ये आहे. तान आणि लांग हे दोन भाऊ, दिसायला अगदी एकसारखे. थोरल्याचं लग्न झालं, धाकटा एकटा पडला, घर सोडून निघाला आणि नदीकाठी रडत रडत चुनखडीचा दगड झाला. शोधायला आलेला थोरला त्या दगडाशी बसून राहिला, त्याचं सुपारीचं झाड झालं. नवऱ्याला शोधत आलेली बायको त्या झाडाला बिलगली, ती नागवेल झाली. पुढे हुंग राजाने पान आणि सुपारी चावून त्या दगडावर थुंकून पाहिलं, तर लाल!

आता ओसरी यांच्या प्रश्नाकडे येते. हनोईत माझ्या वयाची एकही मैत्रीण पान खात नाही. खेड्यात काळे केलेले दात आणि लाल ओठ असलेल्या आज्या अजून भेटतात, पण त्या शेवटच्याच. तरी लग्न ठरलं की मुलाकडचे लाल कापडाने झाकलेली तबकं घेऊन येतात. त्यात सुपारीचा अख्खा घड आणि पानांची चळत असायलाच हवी. तबकाशिवाय बोलणी पुढे जात नाहीत. घड मोडून पानासकट नातेवाइकांत वाटतात. खात कुणीच नाही.

म्हणजे खाणं गेलं आणि मान राहिला. तुमच्या घरात हेच का करत नाही? मानाचा विडा सुपारीसकट तबकात, खायचा विडा वेगळा.

ओसरी
@हनोईत_मुक्काम, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. "दगड झालेला दीर" ऐकून त्यांनी आधी माझ्या दिराकडे पाहिलं. बाकी विचार करते म्हणाल्या.

आंबटगोड
थायलंडमध्ये तर विड्याच्या पानाचा पदार्थच आहे, मिआंग खाम! पानाचा द्रोण करायचा, त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे आणि लिंबाचे सालीसकट बारीक तुकडे, मिरची, सुकी कोलंबी, वर गोड पाक. एका घासात तोंडात. सुपारी-बिपारी काही नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी कोलंबी वगळा.

कुंडीतली_बाग
@आंबटगोड, ते विड्याचं पान नव्हे. बहीण म्हणा हवं तर. थाई लोक त्याला चाफलू म्हणतात. कुळ तेच, मिरीचं, पण जात वेगळी. ते झुडूप जमिनीवर पसरतं आणि पान फारसं तिखट नसतं. व्हिएतनाममध्ये त्यातच मांस गुंडाळून भाजतात. आपलं तिखट पान घेऊन मिआंग खाम केलंत तर खोबऱ्याची चव हरवेल.

अवांतर: नागवेलीत नर आणि मादी वेल वेगवेगळ्या असतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या तुकडे लावूनच वेल वाढवतो, त्यामुळे फुला-फळाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आंबटगोड
बहिणीला बोलावलं तरी लग्नाला चालतंच की.

तैनानची_मावशी
तैवानमध्ये सासर आहे म्हणून लिहिते. इथे सुपारी कच्ची, हिरवी, सालासकट खातात. कधी चुना लावलेल्या पानात गुंडाळून, कधी सुपारीला चीर देऊन आत तांबडा चुना आणि वेलीच्या तुऱ्याचा तुकडा घालून. तंबाखू घालत नाहीत, आणि तरी तोंडाचा कर्करोग भरपूर. त्यामुळे दंतकथा म्हणतात ते इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. दरवर्षी ३ डिसेंबर हा सुपारी प्रतिबंध दिन पाळतात.

महामार्गाकडेच्या काचेच्या खोक्यातल्या, तोकड्या कपड्यांतल्या सुपारीवाल्या मुली तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. ट्रकवाल्यांसाठीचा धंदा तो, आता कमी होत चाललाय. पण पूर्वेच्या बाजूला आमीस वगैरे मूळच्या जमातींत सुपारी लग्नात, पूजेत अजून मानाची आहे. तिला शहरी लोक नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. मूळच्या जमातींचा विधी आणि रात्रभर गाडी चालवणाऱ्याचं व्यसन यांत फरक आहे ना?

बखरवाला
किती जुनं आहे ते सांगतो. फिलिपिन्समध्ये पालावान बेटावर दुयोंग नावाची गुहा आहे. तिथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनात रंगलेले दात मिळाले आणि शेजारी चुना ठेवलेला शिंपला. थायलंडमध्ये नोंग रात्चावात इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दातांच्या किटणात अरेकोलिनचे अंश मिळाल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे त्या दातांवर रंगाचा डाग नव्हता.

आपल्याकडे अबुल फजलने आईन-इ-अकबरीत पानाच्या जाती नोंदवल्यात, त्यातली कपुरी आणि बांगला ही नावं टपरीवर आजही चालतात. १४४३ मध्ये विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर रझाक तर पानाच्या स्तुतीत वाहवत गेलाय. आणि आपला पैजेचा विडा! अफझलखानाने भर दरबारात उचलला तो, पोवाड्यांतून ऐकत आलोय.

वऱ्हाडी_ठेचा
त्यात सुपारी होती का?

बखरवाला
पोवाड्यात घटकांची यादी दिलेली नाही.

नुसताच_वाचक
त्याची तर सुपारीच होती.

दंतकथा
@बखरवाला, बरं झालं ती माणसं दर सहा महिन्यांनी किटण काढायला माझ्याकडे येत नव्हती. पुरावाच गेला असता.

मीनलताई
कुणीच लिहिलं नाही म्हणून: बाळाला सर्दी झाली की पानाला एरंडेल लावून तव्यावर गरम करून छातीवर ठेवायचं. आणि शी होत नसेल तर पानाचा देठ तेलात बुडवून... कळलं असेल. आमची सगळी मुलं त्यावर वाढली.

दंतकथा
मीनलताई, छातीवरचं पान कोमट असेल तर असू दे, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. देठाचं मात्र कृपा करून करू नका. नाजूक जागा, इजा होते. बाळांच्या डॉक्टरांना विचारा.

मीनलताई
तुम्ही दातांच्या ना? मग वरचं बघा.

खलबत्ता
मीनलताईंनी सामना जिंकला.

कँडी_नव्हे_कोलंबो
श्रीलंकेचं राहिलं. एप्रिलमध्ये सिंहली नववर्षाला मुलं आई-वडिलांना, गुरूंना पानांची जुडी दोन्ही हातांनी देऊन वाकून नमस्कार करतात. लग्नातही तसंच. नुसती हिरवी पानं, एकावर एक रचलेली. माझ्या मुलीने शाळेतल्या बाईंना दिली होती. बाईंनी डोक्याला लावली आणि टेबलावर ठेवली. पानातून काहीही काढून घेतल्यासारखं तिथे कुणालाच वाटत नाही.

खलबत्ता
आता कामाचं. माझ्या आजीला दात नव्हते म्हणून घरात तांबूल कुटला जायचा. देवीला नवरात्रात नैवेद्यही त्याचाच. तिखट पानं देठ आणि जाड शिर काढून, धुऊन, अगदी कोरडी पुसून घ्यायची. गुलकंद, भाजलेली बडीशेप, सुकं खोबरं, वेलची, लवंग, जायफळाची चिमूट, ज्येष्ठमध, थोडा कात आणि चुन्याचा ठिपका. सुपारीच्या जागी धणाडाळ, म्हणजे दाताखाली काहीतरी येतं. ते यायला हवं हो, आजेसासूबाईंची खरी तक्रार तीच असणार. मिक्सर नको, पाणी सुटतं. पंगतीला हा चमचाभर द्या, विडे वळत बसायचे कष्टही वाचतील.

ओसरी
सगळ्यांचे आभार. घरातली ताजी परिस्थिती अशी: मानाचे विडे पान-सुपारीचे, ते देवापुढे आणि ओटीत. सुपारी पोफळीबाग यांच्याकडची रोठाच घेणार, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे. जेवणानंतर बिनसुपारीचे गोविंदविडे, आणि ज्येष्ठांच्या पंगतीला खलबत्ता यांचा तांबूल. नवरी खूश. सासूबाई तबकाच्या कल्पनेवर इतक्या खूश की त्यावर लाल कापडही घालायचं म्हणतायत.

आजेसासूबाई अजून तयार नाहीत. धणाडाळ चावून बघितली आणि म्हणाल्या, "ही कोंबडीला घाला." आता त्यांचा प्रश्न: कात आणि चुना तरी पूर्वीसारखा असणार का, की तोही डॉक्टरांनी काढलाय?

@मळेकरी_मिरज, चारशे पाहुण्यांना पानं किती आणि किती दिवस आधी मागवू?

मळेकरी_मिरज
विड्याला एक धरा, तांबुलाला वेगळी, फाटकी-डागाळलेली निघतात ती वेगळी. हजार सांगा. विड्याला कळी पान घ्या, तांबुलाला स्वस्तातलं मोठं पान चालतं. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतील असं बघा, त्याच्या आधी नको. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये कोंबू नका, काळी पडतात.

दंतकथा
कात-चुना असू द्या, रंग त्यानेही चढतो. चुना काडीच्या टोकाने लावा, बोटाने नको, तोंड पोळतं. आणि आजींना सांगा, त्यांच्या विड्याकडे मी बघणार नाही.

ओसरी
सांगितलं. त्या म्हणतायत, "बघितलं तरी चालेल. माझे सगळे दात पडलेत."